सरांचा विराम

माणूस मेला की त्याच्याविषयी वाट्टेल ते बोलायला सगळ्यांना मोकळं रान मिळतं, हे चष्मेवाल्याला ठाऊक होतं. पण म्हणून इतकं?

टायरच्या दुकानावरचा कराटे क्लासचा तो हॉल गच्च भरला होता. खालून रबराचा वास नेहमीसारखाच वर येत होता. पुढे एका खुर्चीवर सरांचा फोटो ठेवला होता. फोटोत सर हसत होते, म्हणजे तो त्यांना न सांगता काढलेला असणार, कारण कॅमेरा दिसला की या माणसाचा चेहरा लिफ्ट अडकल्यासारखा व्हायचा. फोटोशेजारी माईक धरून एक जुना विद्यार्थी बोलत होता. तो आता एका मोठ्या कंपनीत माणसं नेमायचं आणि काढायचं काम करायचा. हॉलमध्ये सगळे त्याला साहेब म्हणत. कसं बोलायचं ते साहेबाला उत्तम येत होतं, कधी थांबायचं ते मात्र त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"सरांनी आपल्याला ठोसा शिकवला," साहेब म्हणाला, "पण त्याहून मोठी गोष्ट शिकवली. ठोशाआधीचा विराम! आपल्या कात्यात वळल्यावर सर एक क्षण थांबायचे. आठवतं? दुसऱ्या कुठल्याही क्लासात हा विराम नाही. का थांबायचे सर? कारण प्रहार करण्याआधी माणसाने स्वतःला विचारावं, याची खरंच गरज आहे का? मी आजही कुणाला नोकरीवरून काढण्याआधी तो विराम घेतो."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले. पहिल्या रांगेत बसलेल्या चष्मेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

विराम कसला, कप्पाळ! तो गुडघा होता. उजवा.

काता म्हणजे ठरलेल्या चालींची माळ. समोर कोणी नसताना, असल्यासारखं लढायचं: इथे अडवलं, इथे वळलं, इथे मारलं. चाल कोणती, कधी, कशी, सगळं ठरलेलं, त्यात स्वतःचा मीठमसाला घालायचा नाही. त्या कात्यात एका जागी डावीकडून गर्रकन वळून उजव्या पायावर खाली बसायचं आणि त्याच झोकात ठोसा मारायचा. मध्ये थांबायचं नाही. पण सरांचा उजवा गुडघा वळल्यावर लगेच भार घ्यायला तयार नसायचा. सर वळायचे, गुडघ्याची मनधरणी करायचे, गुडघा हो म्हणाला की खाली बसायचे आणि मग ठोसा. समोर उभी असलेली पोरं सर जे करतील ते करायची. वीसेक वर्षांत त्या हॉलमधून जितके शिकून बाहेर पडले, तितके सगळे धडधाकट गुडघ्यांनी लंगडत बाहेर पडले. आणि आता त्या लंगडण्याचं तत्त्वज्ञान झालं होतं.

"तुम्ही बोला ना काका," कोणीतरी चष्मेवाल्याच्या हातात माईक कोंबला. "तुम्ही त्यांचे सर्वांत जवळचे मित्र."

चष्मेवाला उभा राहिला. समोर वहिनी होत्या, शेजारी सरांची मुलगी. "चांगला माणूस होता," तो म्हणाला, आणि माईक परत देऊन खाली बसला. लोकांना वाटलं, दुःखाने शब्द फुटेना. शब्द ढीगभर होते, पण त्यातले निम्मे चारचौघांत बोलण्यासारखे नव्हते.

कारण माणूस चांगला होता यात वादच नाही, पण डोक्याला ताप म्हणजे किती ताप! सर दिवसा लिफ्टा दुरुस्त करायचे. खांद्याला अवजारांची पिशवी, नखांत ग्रीस, आणि कुठल्याही इमारतीत शिरले की आधी कान टवकारायचे. चष्मेवाल्याच्या दुकानात यायचे ते गिऱ्हाईक बसलेलं असतानाच. गिऱ्हाइकाच्या नाकावर नंबर तपासायची जड चौकट, चष्मेवाला एक काच काढून दुसरी घालतोय, "आता बरं दिसतं की आधी?" असं विचारतोय, आणि हे मागून सांगणार, "आधीचं." स्वतः कधी डोळे तपासून घेतले नाहीत. वाचायला लागलं की चष्मेवाल्याच्या काउंटरवरचा कोणाचाही तयार चष्मा उचलायचे आणि नाकावर ठेवून पेपर वाचत बसायचे. बिचारं गिऱ्हाईक चष्मा न्यायला आलं की तो सरांच्या नाकावरून उतरवून द्यावा लागायचा.

दोघं तरुणपणी एकाच वेळी कराटे शिकायला लागले, एकाच दिवशी दोघांना काळा पट्टा मिळाला. पुढे सरांनी शिकवण्याचा परवाना काढून हा क्लास सुरू केला. चष्मेवाल्याने परवाना काढला नाही. एका हॉलला एक मास्तर पुरे, असं तो म्हणायचा. खरं म्हणजे त्याला पोरांना ओरडायला आवडायचं, पण त्यांच्या आयांशी गोड बोलायला जमायचं नाही. तो रोज संध्याकाळी दुकानाचं शटर ओढून हॉलवर यायचा आणि मागच्या रांगेत उभा राहायचा.

आणि तो गुडघा! बाहेर सगळ्यांना माहीत होतं की सरांना 'जुनी जखम' आहे. कोणी म्हणायचं स्पर्धेतली, कोणी म्हणायचं लिफ्टच्या खड्ड्यात एका मजुराला वाचवताना झालेली. सर कोणालाच खोडून काढायचे नाहीत, नुसते खिडकीबाहेर बघायचे. खरी हकिगत तिघांनाच ठाऊक होती: सरांना, वहिनींना आणि चष्मेवाल्याला. सर बाथरूममध्ये साबणावर पाय पडून आपटले होते. टॉवेल गुंडाळलेल्या त्या वीराला दवाखान्यात नेलं चष्मेवाल्यानेच. वाटेत सर कण्हत कण्हत एकच सांगत होते, "कोणाला बोलू नकोस रे. कराटेचा मास्तर साबणाकडून हरला म्हटल्यावर कोण पाठवेल पोरं?"

चष्मेवाल्याने शब्द पाळला. पण शब्द जगाला न सांगण्याचा होता, सरांनाच सुनावायला काय हरकत? क्लास सुटला की टायरच्या दुकानाच्या पायरीवर दोघं बसायचे आणि रोज तेच भांडण.

"अरे, तू पोरांना लंगडायला शिकवतोयस."

"मी कुठे लंगडतो?"

"वळल्यावर थांबतोस."

"अजिबात थांबत नाही. तूच घाई करतोस, चष्म्या. पहिल्यापासून तुला घाई."

पालथ्या घड्यावर पाणी. एकदा चष्मेवाल्याने फोनवर चित्रण करून ते सरांच्या नाकासमोर धरलं. सरांनी ते दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "तुझा फोन मध्येच अडकतो." यावर माणसाने काय करावं? चष्मेवाल्याने काय केलं, तर तो आयुष्यभर काता बरोबर करत राहिला. सगळा हॉल वळून थांबलेला असताना एकट्या चष्मेवाल्याची टाच फरशीवर आपटायची, ठण्ण! आणि पुढून सर ओरडायचे, "मागे घाई कोण करतंय?" हॉलमध्ये एकच माणूस बरोबर, आणि रोज बोलणी खायचा तोच.

असा हा माणूस एका पहाटे झोपेतच गेला. आयुष्यात एक काम आरडाओरडा न करता केलं, ते हे. चष्मेवाल्याला बातमी कळली तेव्हा तो एका बाईंच्या चष्म्याची दांडी वाकवत होता. ती दांडी त्याच्या हातात मोडली. तो त्या बाईंवरच ओरडला, मग माफी मागून त्याने दुकान बंद केलं.

सभा संपल्यावर सरांची मुलगी त्याच्याजवळ आली. ही दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. बोटं नाजूक, स्वभाव बापाचा.

"काका, कराटे संघटनेच्या माणसाचा फोन आला होता. परवानावाला शिक्षक नसेल तर क्लास ठेवता येत नाही म्हणाला. पलीकडच्या क्लबवाल्यांना हा हॉल हवाय. मी परवान्याच्या परीक्षेला बसते म्हटलं. पुढच्या महिन्यात आहे."

"बस की. पट्टा काळाच आहे तुझा."

"तोच काता करायचाय, आपला."

चष्मेवाल्याने डोळे मिटले. गावातल्या गावात पट्टे देणारे सगळे सरांचे मित्रच होते, त्यांनी तो विराम चालवून घेतला. पण परवान्याचा परीक्षक बाहेरून यायचा. त्याच्यासमोर ही वळून थांबली की तो खाली मान घालून फुली मारणार, आणि पुढच्या महिन्यापासून टायरच्या दुकानावर दुसऱ्याच कोणाची पाटी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. या पठ्ठ्याची खोड मेल्यावरही जाईना, मागे राहिलेल्यांच्या पायांत शिरून बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी, लॅब आणि दुकान उघडण्याआधी, दोघं हॉलवर येऊ लागले. ती काता सुंदर करायची. हात स्वच्छ, नजर सरळ. वळली, की थांबली.

"थांबू नकोस."

"तो विराम आहे, काका."

"विराम बिराम काही नाही. पुस्तकात नाही, दुसऱ्या कुठल्या क्लासात नाही. वळायचं, बसायचं, मारायचं. एक झोक."

"बाबांनी असंच शिकवलंय."

"बाबांनी चुकीचं शिकवलंय."

ती सरळ उभी राहिली. "बाबा जाऊन किती दिवस झाले, काका? आणि तुम्ही लगेच त्यांच्या चुका काढायला लागलात?"

"लगेच? अगं, वीस वर्षं काढतोय!"

"हो, ते माहितीये. बाबा म्हणायचे, काकाला कात्यातलं मर्म कधी कळलंच नाही, तो नुसता घड्याळ लावून पळतो."

हे ऐकल्यावर चष्मेवाल्याचा तोल गेला. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडू नये, हे त्याला कळत होतं. पण त्या माणसाने मरताना आपली चूक पोरीच्या गळ्यात बांधून वर आपल्यालाच मूर्ख ठरवून जावं? त्याने सांगून टाकलं. साबण, टॉवेल, दवाखाना, सगळं. "तुझ्या बापाचं मर्म गुडघ्यात होतं! आणि तो गुडघा मोडला अंगाच्या साबणाने!"

मुलगी आधी हसली. चांगली खळखळून हसली, आणि चष्मेवाल्यालाही हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात तिने बॅग उचलली आणि ती जिना उतरून गेली.

त्या दिवशी दुकानात त्याचं एकही काम धड झालं नाही. उजव्या काचेच्या जागी डावी बसवली. दुपारी वहिनींचा फोन आला.

"भावजी, साबणाचं सांगितलंत का हो तिला?"

"सांगितलं. चुकलं माझं."

"चुकलं कसलं? मीच कधीची सांगणार होते. यांनीच शपथ घातली होती. ती रडतेय. पण उद्या येईल. तिला नीट शिकवा. हॉल गेला ना, तर या घरात संध्याकाळी कोणी कुठे जायचं, तेच कळणार नाही."

ती आली. "शिकवा," एवढंच म्हणाली.

शिकवणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं होतं. तिला कळत होतं, पण पायाला कळत नव्हतं. लहानपणापासून बापामागे उभं राहून जे पायात भरलं, ते असं सांगून थोडंच निघणार? चष्मेवाल्याने टाळ्या वाजवून पाहिल्या, मागून ढकलून पाहिलं, ओरडून घसा बसवून घेतला. ती वळायची आणि पाय आपोआप वाट बघायचा. कशाची? एका म्हाताऱ्या गुडघ्याची, जो आता कुठेच नव्हता. शेवटी त्याने तिला नुसतं वळून बसायला लावलं, ठोसा नाही, काता नाही, फक्त तेवढंच. रोज सकाळी तेवढंच. बघणाऱ्याला वाटलं असतं, ही काहीतरी सांडलेलं उचलतेय.

आणि एके दिवशी ते आलं. वळण, बैठक, ठोसा, एका दमात. तिची टाच फरशीवर अशी आपटली की खालच्या टायरवाल्याने वर हाक मारून विचारलं, काय पडलं.

"शाब्बास!" चष्मेवाला म्हणाला. "आता परत."

तिने परत केलं, परत तसंच आलं. मग ती मध्येच थांबून खाली बसली.

"नीट झालं, काका. पण आता कुठे बाबा गेल्यासारखं वाटलं."

"बाबा गेलेच आहेत," चष्मेवाला खेकसला. त्याला म्हणायचं दुसरंच होतं. पण काय म्हणायचं होतं ते त्यालाही नेमकं माहीत नव्हतं. मग त्याने तिला खाली नेऊन चहा पाजला आणि तिच्या चष्म्याचे ढिले झालेले स्क्रू घट्ट करून दिले.

परीक्षा झाली. परीक्षक एक वाळकुडा, घड्याळाकडे बघणारा माणूस होता. तिने काता केला, त्याने मान हलवली, सही केली, आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. इतकंच. चष्मेवाल्याला वाटलं, निदान काहीतरी म्हणेल. वीस वर्षांच्या भांडणाचा निकाल आपल्या बाजूने लागला आणि निकाल देणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. बाहेर पडताना त्याचा हात सवयीने फोनकडे गेला. ही बातमी ज्याला ऐकवून जळवायचं, तो आता फोन उचलणार नव्हता. कसला घोळ करून ठेवलास रे, असं तो मोठ्याने बोलला तेव्हा रस्त्यावरच्या दोघांनी वळून पाहिलं.

तिच्या पहिल्या क्लासला सगळे आले. पुढे नवीन पोरं, मागे जुनी मंडळी, सुटलेली पोटं पट्ट्यात कोंबलेली. साहेबही आला होता, चष्मेवाल्याच्या डाव्या हाताला उभा होता. मुलीने पुढे उभं राहून आवाज दिला आणि काता सुरू झाला.

वळणाशी पोचले आणि हॉलचे दोन तुकडे झाले. पुढची पोरं तिच्याबरोबर वळून बसली, ठण्ण! मागची अख्खी ओळ वळून थांबली, मग बसली, ठण्ण! मधल्या फटीत एक बुटका मुलगा मागे बघायला वळला आणि शेजारणीवर आदळला.

"मागचे थांबतायत," मुलगी म्हणाली. "असं नाही चालायचं. काका, उद्यापासून मागच्या सगळ्यांना सकाळी घेऊ या का? तुम्ही मला शिकवलंत तसं शिकवा त्यांना."

मागच्या ओळीतले सगळे चष्मेवाल्याकडे बघायला लागले. यातल्या प्रत्येकाला त्याने कधी ना कधी सांगितलं होतं, थांबू नका, गाढवांनो. त्याला आज हाताखाली आयती सापडली होती ती सगळी.

"काही गरज नाही," चष्मेवाला म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही! नव्यांना बरोबर शिकव. नव्यांपैकी एक जरी लंगडला तर माझ्याशी गाठ आहे. पण मागच्यांना हात लावायचा नाही. ते म्हातारे झालेत. त्यांना मरेपर्यंत थांबू दे." त्याचा आवाज इतका चढला की पुढच्या पोरांनी माना वळवल्या. तिने त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि मान डोलावली.

"परत," ती म्हणाली.

काता परत सुरू झाला. या वेळी आपणही थांबायचं, असं चष्मेवाल्याने ठरवलं होतं. जागा त्याला पाठ होती, कुठे थांबायचं, किती थांबायचं, गुडघा केव्हा हो म्हणायचा, सगळं. वळण आलं. तो वळला, आणि त्याची टाच नेहमीसारखी, सगळ्यांच्या आधी, फरशीवर आपटली.

तिसऱ्या वेळी तेच. चौथ्या वेळी त्याने दातओठ खाऊन पाय रोखून धरला, तर पायात गोळा आला आणि तो भिंतीवर जाऊन टेकला. वीस वर्षं हट्टाने बरोबर चालवलेला पाय त्याचं ऐकेना. त्याने ओळीवर नजर टाकली. सुटलेल्या पोटांचे, टक्कल पडलेले, ज्यांना सरांचं घर कुठल्या गल्लीत होतं हेही धड माहीत नव्हतं, असले सगळे वळत होते आणि थांबत होते, हुबेहूब, सर थांबायचे तसे. प्रत्येकाच्या पायात थोडेथोडे सर होते. त्याच्याच नव्हते. रोज पायरीवर शेजारी बसून भांडणारा तो, आणि त्याच्याकडेच काही उरलं नव्हतं, कारण तो बरोबर होता. त्याला भयंकर राग आला. सरांचा, स्वतःचा, त्या साबणाचा. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. त्याने चष्मा काढून बाहीला पुसला. काच स्वच्छच होती.

काता संपल्यावर त्याने साहेबाच्या कोपराला हिसका दिला.

"ए. तो तुझा विराम. कसा घेतोस?"

साहेबाचा चेहरा उजळला. "त्याचं काय आहे काका, विराम म्हणजे मुळात स्वतःला विचारलेला..."

"भाषण नको," चष्मेवाला म्हणाला. "पाय दाखव. हळू कर, मला दिसेल असं. मला येत नाही ते."